एलेना राणीच्या रांगेला कुलूप

...आणि वर मलाच विचारतात, "तोतोय, यादीला कुलूप का नाही लावलंस?" अहो, कुलूप लावलं होतं मी! स्वतःच्या हातांनी लावलं होतं! ऐका तर खरं...

आता आमच्या चर्चची मे महिन्यातली मिरवणूक म्हणजे काय? अठरा पोरी राण्या बनून चालतात, आणि सगळ्यात शेवटी, फुलांच्या कमानीखाली, एलेना राणी. बाकीच्या सतरा कुणीही होवोत, आपली पोरगी मात्र एलेनाच व्हायला हवी, असं प्रत्येक आईला वाटतं! गेल्या वर्षी राण्यांची शीट ग्रुपवर उघडी टाकलेली, जी येते ती आधीचं नाव पुसते आणि स्वतःच्या लेकीचं लिहिते... चर्चसमोर चार एलेना उभ्या! चार! आणि कमान एक! त्या कमानीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

म्हणून यंदा आमच्या वॉर्डाच्या प्रमुख, कॅप्टनबाई, मला म्हणाल्या, पंखा हलवत, अगदी हळू... त्या ओरडल्या तर मी घाबरत नाही हो, हळू बोलल्या की समजतो, आता काही खरं नाही... "तोतोय, यंदा एलेना एकच. बेनिंगची लुनिंगनिंग. नाव हललं, तर तूही हललास या ऑफिसातून."

लुनिंगनिंग म्हणजे बाजारात डुकराचं मांस विकणाऱ्या आलिंग बेनिंगची, म्हणजे बेनिंगमावशीची, मुलगी. सहा वर्षांची असताना डेंग्यूनं पार मरणाच्या दारात होती, तेव्हा आईनं नवस बोललेला, पोर जगू दे, सोळाव्या वर्षी एलेना करून चालवीन. दहा वर्षं बाई गाऊनवर एकेक मणी शिवतेय! खरं सांगतो, मला त्या पोरीचं फार वाटत होतं.

मग काय, तीन दिवस बसून शीटला स्क्रिप्ट बसवली, एलेनाच्या रांगेत लुनिंगनिंगचं नाव लिहिलं. सोमवारी सकाळी बरोब्बर नऊला शीटमधल्या राण्यांच्या नावांच्या रांगा आपोआप बंद! उघडायची किल्ली फक्त कॅप्टनबाईंच्या खात्याला, मलासुद्धा नाही! आणि बंद झाल्याझाल्या यादी आपोआप सगळ्या आयांना मेलनं रवाना. आहे की नाही पक्कं काम? कुलूप लावलं होतं हो मी!

सोमवारी नऊला पाच कमी. दारात कोण? निनांग चायोंग! माझ्या लग्नातली धर्मआई! आता धर्मआई आली की काय करतो आपण? वाकायचं, हात घ्यायचा, कपाळाला लावायचा. मी कपाळ लावून मान वर करतोय तोवर बाई माझ्या खुर्चीत!

"तोतोय बाळा, एलेनाच्या रांगेत माझ्या नातीचं नाव कसं दिसतं, एवढंच बघते. एक फोटो काढते नि पुसते."

"निनांग, नऊ वाजत आलेत हो..."

"तुझ्या लग्नात मी घड्याळ बघितलं होतं का रे?"

बाईनं लुनिंगनिंगचं नाव पुसलं, एका बोटानं नातीचं टाइप केलं, प्रि... न्से... स... चष्मा शोधला, फोटो काढला, तो हलला, दुसरा काढला, "अगं बाई, माझी सावली आली," तिसरा काढला... आणि टिंग! नऊ! रांग करडी, यादी आयांना रवाना! मी पुसतोय, पुसतोय, कळ दाबून दाबून बोट सुजलं, शीट म्हणते, आपल्याला परवानगी नाही! अहो, अजिबात म्हणून हललं नाही ते! कुलूप लावलं होतं ना मी!

तसाच कॅप्टनबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. पंखा थांबला. मी मनात बायकोमुलांचा निरोप घेतला.

"कुणी लिहिलं म्हणालास?"

"निनांग चायोंगनी."

"...माझ्याही लग्नातल्या धर्मआई त्याच रे." आणि कॅप्टनबाईंचा, तुम्हाला सांगतो, कॅप्टनबाईंचा चेहरा पांढराफटक! "राहू दे ते नाव."

"आणि आलिंग बेनिंग? तिचा नवस?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढून, माझ्या कानाशी, अगदी हळू... "असं कर. माझी किल्ली काढून टाक. बेनिंग आली की मला म्हणता येईल, मलाच उघडत नाही."

"मग किल्ली कुणाच्या नावावर?"

"तुझ्या."

तिथल्या तिथे स्वतःचं खातं उघडून, मला बसवून, समोर उभं राहून करून घेतलं हो! आता बघा, आतल्या खोलीत निनांग चायोंग नातीला घेऊन बसल्यात, केक खातायत, "माझा तोतोय किती गुणी" म्हणतायत. बाहेर पायरीवर आलिंग बेनिंग बसलीय, मांडीवर तो गाऊन, ओरडत नाही, रडत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच विचारते, "किल्ली कुणाकडे असते?" आणि मी मधल्या खोलीत, खिशात फोन, फोनात किल्ली... उघडलं तर धर्मआई, नाही उघडलं तर ती आई. त्या यादीची काळजी करू नका, तिला कुणी बोट लावू शकत नाही. माझ्यासाठी आहे का हो असं एखादं कुलूप?