ओळखीच्या माशा

नाही हो, मला नाही त्रास होत डोळ्यांत घातलेल्या त्या थेंबांचा. तुम्हाला जवळचं पुसट दिसायला लागलं ना — लागणारच, बाहुल्या मोठ्या करतात त्यांनी — पण माझा नंबर आहे उणे अकरा. चष्मा काढला की नाकापासून चार बोटांवर माझ्याइतकं स्वच्छ अख्ख्या लारेडो गावात कुणाला दिसत नाही, मग थेंब घाला नाहीतर घालू नका. चाळीस वर्षं त्या चार बोटांवर शिवतेय मी — पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे, लेस, मणी, सगळं. माझ्या वयाच्या बायका दोरा ओवायला नातींना हाका मारतात. मी नाही मारत. सुई पर्समध्येच असते माझ्या.

मी आपली नंबर बदलायला आलेय. साखर चढली की नंबर हलतो, ठाऊक आहे ना? एकदा नाताळात मक्याच्या पिठाचे तमाले हादडले आणि लगेच चष्मा करून घेतला — साखर उतरली तर तो चष्मा कुचकामी. तसंच असणार काहीतरी. दुसरं काय असणार.

दर वर्षी येता तुम्ही? मी सहा वर्षांनी आलेय. अशा भुवया उंचावू नका. इथलेच म्हातारे डॉक्टर — आता निवृत्त झाले — ते म्हणाले होते, डेल्फिनाबाई, तुमच्यासारख्या लांबट डोळ्यांना साखर जरा कमी धरते. पुढे म्हणालेच होते, तरी दर वर्षी पडदा तपासून घ्या — पण ते बोलणं मी दारापर्यंत पोचायच्या आतच विसरून गेले. पटलंच होतं ना मला पहिलं. माझ्या आईला जन्मात चष्मा नव्हता, नदीपलीकडचा माणूस नुसत्या चालीवरून ओळखायची, आणि बावन्नाव्या वर्षी साखरेने तिचे दोन्ही डोळे नेले. शेवटी माझं तोंड हातांनी चाचपायची. आणि मला शाळेत जाड चष्म्यावरून ‘बाटलीचं बूड’ म्हणायचे. म्हटलं, चला, जन्मभर चिडवून घेतलं त्याची भरपाई झाली, मी सुटले.

मग ते काळे ठिपके. आता ठिपके आम्हा जाड भिंगवाल्यांना असतातच, लहानपणापासून आहेत, मी त्यांना माझ्या माशा म्हणते — म्हणून घाबरले नाही. पण जुन्या माशा ओळखीच्या असतात, बाई. या नव्या होत्या. पाण्यात काजळी सोडावी तशा उजव्या डोळ्यात खाली उतरत होत्या. तीन आठवडे झाले. मी कुणाला बोलले नाही — शनिवारी चर्चमध्ये माझ्या नातीचा, मारिसोलचा पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ आहे, झगा माझ्याच हातचा. काल तिने तो घालून पाहिला आणि म्हणाली, आजी, इथले मणी सुटले का? सुटले नव्हते. मी लावलेच नव्हते. चार बोटांवर एकच डोळा लागतो, मी उजव्याने शिवते, आणि मला तिथे रिकामं काही दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, हल्ली तशीच फॅशन असते. ती हसली, आणि आत जाऊन तिच्या आईला फोन केला. म्हणून आलेय मी. नंबराचं तुम्हाला उगाच सांगितलं.

थांबा, सुई काढते. डावा झाकून उजव्याने दोरा ओवते हं. ... नाही ओवता येत. थेंबच असतील हो. मलाही बाधत असतील आता, वय झालं.

ट्रेव्हिन्यो — माझंच आडनाव पुकारतायत. तुम्ही जाता का आधी? नाही, राहू दे, जाते मी. फार भीती वाटतेय, खरं सांगते, आईचे ते हात आठवतायत सारखे. दारापर्यंत हात द्याल? आणि एक — आत मी फक्त उजव्याचंच सांगणार आहे. डाव्यातही आज सकाळी एक माशी आलीये. नवी. सांगितलं तर तोही बांधून ठेवतील, आणि राहिलेले मणी मला डाव्यानेच लावायचेत. तुम्ही बोलू नका कुणाला. शनिवारपर्यंत तरी नका बोलू.