भुऱ्याच्या नाकातलं रक्त

अन् मग मारलं मी वारलूले! हो, मारलं, लपवून काय करतो? तुम्ही म्हनता, 'लटारूभाऊ, शेजाऱ्याले एवढं मारते का कोणी?' अरे, माह्या कुत्र्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, धार! भुऱ्या माहा असातसा कुत्रा नाई, रानडुकराच्या अंगावर जाते, त्याच्याच भरवशावर माह्या बांधीतला धान वाचते... अन् तो अंगणात आडवा पडून, नाक लालभडक! अन् आदल्याच दिवशी हा वारलू कुंपणावरून बोंबलला होता, 'तुहा कुत्रा माह्या कोंबड्यायत घुसला तं नाक फोडीन त्याचं!' आता तुम्हीच सांगा, रक्त पाह्यल्यावर मानूस थांबते का?

नाई थांबलो! पहिली काठी ढोपरावर, दुसरी पाठीत, तो म्हनते, 'काऊन मारते बे?' मी म्हनलं, 'कुत्र्याच्या नाकाले इचार!' तिसरी तोंडावर बसली अन् समोरचे दोन दात त्याच्याच लुंगीत पडले. मंग त्यानं उचललं कुदळीचं दांडकं, हे पाहा, कपाळाले तीन टाके! अन् माही बायको भागीरथा मधात उभी राहून, 'मरा, दोघंही मरा, माहा एकाचा तं सैपाक वाचन!'

तो कल्ला ऐकून दिव्यानी बाई धावत आली. जनावरायच्या कॉलेजातली पोरगी, गावोगाव फिरून कुत्र्यायच्या गोचिड्या गोळा करते, घ्या, असंही शिक्षण असते! तिनं भुऱ्याचा कान उलटा केला. 'भाऊ, याला कोणी मारलं नाही. गोचिडीतून जिवाणू गेलाय अंगात, रक्त गोठत नाही, म्हणून नाक वाहतं.' कानात पाह्यतो तं वाटाण्याएवढ्या गोचिड्या, फुगून टम्म! घेतला दगड, उपटली का फोडली, उपटली का फोडली, रक्त माह्या तोंडावर उडून राह्यलं अन् बाई किंचाळते, 'भाऊ, शाबूत पाहिजेत, जीन तपासायचेत!' अवो बाई, रक्त पाह्यल्यावर मानूस थांबते का?

उरलेल्या गोचिड्या नेल्या, भुऱ्याचं रक्त नेलं, वारलूच्या कुत्रीचंही नेलं. जनावरायच्या डॉक्टरनं भुऱ्याले अठ्ठावीस दिवसाच्या गोळ्या देल्या. महिन्यानं बाई रिपोर्ट घेऊन हजर. म्हने, जिवाणूच्या एका जीनमंधी एकच ओळ परत परत येते, किती वेळा येते त्याच्यावरून त्याचं घराणं ओळखाचं. भुऱ्यात अकरा वेळा, वारलूच्या कुत्रीतही अकरा.

'मंग कोणी कोणाले देला?'

'ते यावरून नाही सांगता येत, भाऊ.'

घ्या! अन् जिवाणू म्हने असा ऐतखाऊ, का सोताचे कितीतरी जीन टाकून बसला, सारं कुत्र्याच्या पेशीतून ओरबाडते! अशाले काठी हाणाची तं कुठी हाणाची?

भुऱ्या उठला, खाऊ लागला, डुकरामांगं पळू लागला. मले मातर जेवन जाये ना. पंधरा वर्सं झाले, धानाच्या रोवण्याले मी वारलूच्या बांधीत अन् वारलू माह्या बांधीत. लाज वाटली, खरंच वाटली. गेलो त्याच्या दारी. 'वारलूभाऊ, चुकलो. जिवाणू होता.'

त्यानं सारं ऐकून घेतलं. मंग बोळक्या तोंडानं इचारते, 'तो जिवाणू डोळ्यानं दिसते का?'

'नाई ना, भाऊ.'

'तू तं दिसते.' अन् उठून कोपऱ्यातली काठी घेतली.

मी काय करतो? बनियान काढली अन् पाठ फिरवून बसलो.