मागच्या भिंतीवरची हत्यारं

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले हस्तकला शाळेचे मुख्याध्यापक, सुतार संघाचे पदाधिकारी आणि समोर जमलेल्या बंधू-भगिनींनो, देवाचं स्मरण करून सर्वांना नमस्कार करते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घरचा आणि दुकानाचा जमाखर्च लिहिणारी बाई. भाषणाची सवय नाही. आमच्या धाकट्या भाऊजींनी चार ओळी लिहून दिल्या आहेत, त्यात 'अपरिमित हानी' दोनदा आहे. त्या वाचल्या असं समजावं.

ह्यांचं जुन्या हत्यारांचं दुकान तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचं. रंधे, पटाश्या, करवती, सगळं कुणीतरी वापरून सोडलेलं. गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याचा तळवा बघायचे, म्हणून तुम्ही ह्यांना 'ज्योतिषी' म्हणायचात. ह्यांना ते ठाऊक होतं बरं का. एकाने थट्टेत विचारलं, माझं लग्न कधी होईल? हे म्हणाले, ते नाही सांगता येत, पण ही मूठ तुम्हाला मोठी होईल, दुसरी बघू. मागितलेली वस्तू विकायला नाही म्हणणारा दुकानदार कुणी पाहिला आहे? मी पाहिला, आणि त्याच्याशीच संसार केला.

मागच्या भिंतीवरची हत्यारं मात्र कुणालाच मिळायची नाहीत. का, ते आज सांगते. एखादा सुतार वारला की घरचे त्याची पेटी घेऊन यायचे. हे पैसे तिथल्या तिथे द्यायचे आणि हत्यारं वर्षभर त्या भिंतीवर टांगून ठेवायचे, मगच विकायला काढायचे. मी म्हणायची, अहो, भांडवल खिळ्याला टांगून घर चालतं का? हे नुसते हसायचे.

एकदा मी डबा घेऊन गेले, तर एक बाई स्टुलावर बसलेली. नवऱ्याची करवत तिच्या मांडीवर. तिला ती परत न्यायची नव्हती. नुसती मूठ धरून बसली होती. आणि हे तिच्याकडे पाठ करून, धार असलेल्या पटाशीलाच पुन्हा धार लावत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "लोक रडू यायच्या आधीच हत्यारं घेऊन येतात गं. मागून आठवण येते, तेव्हा ती कुठेतरी असायला हवीत ना?"

त्यानंतर मी भांडवलाचं नाव काढलं नाही.

ह्यांना जाऊन आता दोन महिने होतील. दुकान मी रोज उघडते, झाडते. पूर्वी ह्यांच्या खिशात, बाहीत, अगदी अंथरुणातसुद्धा लाकडाच्या ढलप्या सापडायच्या. मी कुरकुरत गोळा करायची आणि त्यांच्यावरच अंघोळीचं पाणी तापवायची. आता सुपली रिकामी येते. घरात गॅस आहे, पण एकटीच्या पाण्यासाठी पेटवावासा वाटत नाही. गार पाण्यानेच उरकते. ही सभेत सांगायची गोष्ट नव्हे, बोलता बोलता निघून गेली.

संघाने ठराव केला की सगळी हत्यारं शाळेने वाजवी किमतीला घ्यावीत. टेम्पो बाहेर उभा आहे. भाऊजी म्हणाले, वहिनी, एकट्या किती दिवस कुलूप उघडणार? त्यांची तळमळ मला कळते. मी हो म्हणालेही होते. तेव्हा माझे डोळे कोरडे होते.

आज सकाळी दुकानात आवराआवर करताना ह्यांचा रंधा उचलला. गिऱ्हाइकाला लाकूड तासून दाखवायचे, तोच. त्याची मूठ डाव्या अंगाला झिजली आहे. साऱ्या गावाचे हात ह्यांनी ओळखले, आणि ह्यांचा हात कुठे टेकतो हे मला आज कळलं. मी तिथेच स्टुलावर बसले.

मुख्याध्यापक, राग मानू नका. ते सगळं दुकान आता एका वारलेल्या माणसाची पेटी आहे. ह्यांचा नियम ह्यांनाही लागू करते. वर्ष पुरं झालं की मी स्वतः निरोप पाठवीन, तेव्हा मुलांचे तळवे बघून एकेक हत्यार द्या. तोवर ते स्टूल मला लागेल.

संघाने ह्यांची एवढी आठवण ठेवली, त्याबद्दल दोन्ही हात जोडते. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच बाई चुकली म्हणून पोटात घाला. आणि टेम्पो रिकामा जाईल त्याचं येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडे. ते मी निघतानाच खर्चात मांडून आले आहे.