तीन ओळी

मयूरी : ती पातेली राहू द्या हो, मावशी. काल सगळ्या मेळाव्यासमोर फादरांनी तुमच्या खांद्यावर शाल घातली आणि आज तुम्ही मटणाची पातेली घासताय. लोक काय म्हणतील?

शालूबाई : म्हणू देत की. शाल घातली म्हणून हातानं काम करायचं सोडायचं व्हय? आन् मी काय पातेल्यांसाठी आले न्हाई. त्या कागदासाठी आले.

मयूरी : कुठल्या कागदासाठी?

शालूबाई : आता कुठला! ह्यांनी काल वाचला त्यो. वाचून झाल्यावर तूच त्यांच्या हातनं घेऊन फायलीत ठेवलास. मी बघितलं. दे मला, बायबलात ठेवते.

(कवठे महांकाळच्या चर्चमागची पत्र्याची शेड. काल, रविवारी, इथं उपकारस्तुतीचा कुटुंब-मेळावा झाला. रीत अशी, की घरातल्या एकानं घरातल्याच दुसऱ्याचे आभार लिहून आणायचे आणि उभं राहून सगळ्यांसमोर वाचायचे. देवाचे आभार रोजच मानता, एक दिवस माणसाचे माना, असं फादर म्हणतात. जुळवाजुळव सगळी मयूरीची. आता सोमवारचे सव्वाअकरा वाजलेत.)

मयूरी : फाइल फादरांकडे आहे बहुतेक. उद्या देते ना.

शालूबाई : ती काय खुर्चीवर हाय की फाइल. निळी.

मयूरी : ...हो. पण सगळ्यांचेच कागद आहेत त्यात, शोधावा लागेल. बसा ना तुम्ही. चहा घेणार?

शालूबाई : नगं. आज मला कशाचीच भूक न्हाई बग, येवढं पोट भरलंय. मयूरी, बत्तीस वर्सं झाली लग्नाला. ह्या माणसानं मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. पर बोललाच न्हाई गं. दुधाच्या टँकरवरनं यायचा, जेवायचा, झोपायचा. मी घरात हाय का न्हाई, त्ये ताट म्होरं आलं की त्याला कळायचं. आन् काल येवढ्या दोनशे माणसांत...

मयूरी : हो. सगळे रडत होते.

शालूबाई : दुसरं समदं सोड. पर त्यो शिमोनचा इषय! "आपल्या शिमोनच्या कपाळावर तू पाणी घातलंस, तेव्हा मी जीपच्या पुढच्या सीटवर होतो. मी मागं वळलो नाही. आज वळून बघतो." पाठ झालंय मला. मिरजेला नेत हुतो त्याला दवाखान्यात. दोन दिसांचं लेकरू. बोरगावच्या म्होरं श्वास सुटाय लागला. फादर न्हाईत, कोण न्हाई. बाटलीतलं पाणी घेतलं आन् मीच बाप्तिस्मा दिला.

मयूरी : देता येतो मावशी. वेळ आली की कुणालाही देता येतो.

शालूबाई : येतो, पर शब्द बरुबर म्हणले का न्हाई कुणाला ठावं? म्हणून कवा कुणाला बोलले न्हाई. चर्चच्या रजिस्टरात त्याचं नाव न्हाई. कबरीवर न्हाई. मला वाटायचं, जगात ह्ये नाव माझ्या एकटीच्याच डोक्यात हाय, मी मेले की गेलं. आन् काल ह्यांच्या तोंडनं ऐकलं. म्हणलं, म्हणजे ह्यो माणूस आरशात बघत हुता! जीपच्या त्या बारक्या आरशात. आन् मी समजत हुते, नुसता रस्ता बघतोय.

मयूरी : काकांशी बोललात का त्यावर?

शालूबाई : सकाळी इचारलं की. म्हणलं, आवं, तुमाला नाव कसं कळलं? तर म्हणाले, च्या गार व्हतोय. म्हणलं लाजलं असतील, सोडून दिलं. मी तर ओठातल्या ओठात म्हणले हुते नाव...

मयूरी : मावशी, ती शाल कुठंय? घरी ठेवलीत?

शालूबाई : थांब. थांब जरा. आरशात दिसंल गं. पर ऐकू कसं यील?

मयूरी : असेल काहीतरी. इतक्या वर्षांनी कशाला...

शालूबाई : जीपचा आवाज, खिडकीतनं वारं. आन् मी ओठातल्या ओठात. न्हाई ऐकू यायचं. मयूरी, त्ये नाव मी जल्मात एकदाच सांगितलंय. गेल्या मृतांच्या सणाला, कबरीवर मेणबत्त्या लावताना. तवा माझ्याजवळ कोण हुतं?

मयूरी : ही फाइल आत ठेवून येते मी.

शालूबाई : माझ्याकडं बग. कोण हुतं?

मयूरी : मी होते.

शालूबाई : त्यो कागुद तू लिव्हलास.

मयूरी : काकांनीच आणला होता हो कागद. खरंच. मी फक्त जरा... वाढवला. दरवर्षी करते मी. निम्म्या लोकांना लिहिता येत नाही, उभे राहिले की गडबडतात. मयूरी, तू जरा नीट करून दे, असं सगळेच म्हणतात.

शालूबाई : त्यांनी काय लिव्हलं हुतं?

मयूरी : तीन ओळी.

शालूबाई : सांग.

मयूरी : "माझी बायको चांगली हाय. भाकरी चांगली करती. माझं ऑपरेशन झालं तवा तिनं मला उचलून न्हाणीत नेलं, त्ये मी इसरलो न्हाई."

शालूबाई : मग त्येच का न्हाई वाचू दिलंस?

मयूरी : एवढुसंच होतं ते. बाकीचे पानपान वाचतात, आणि तुमच्यासाठी एवढंच? मला वाईट वाटलं.

शालूबाई : तुला वाईट वाटलं! अगं, तेवढं तरी माझं झालं असतं. बारकं का असंना, त्यांचं हुतं. तू माझंच दुखणं घेतलंस, त्यांच्या तोंडात घातलंस आन् मलाच ऐकवलंस. आन् मी खुळी, दोनशे माणसांत पदर डोळ्याला लावून रडले. बरं झालं न्हवं सगळ्यांना? फादर म्हणाले, बघा, कुटुंब असं असावं!

मयूरी : फादरांना माहीत नव्हतं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

शालूबाई : आन् तुला काय काय म्हाईत हुतं? साताऱ्याच्या बोर्डिंगचा माझा अर्ज कुणी लिव्हला?

मयूरी : मीच.

शालूबाई : सिस्टर म्हणल्या, शालूबाई, पोरींच्या सैपाकघराला बाई पायजे, ऱ्हायला खोली देतो. माझी स्वताची खोली. आतनं कडी लावायची. लेकी दोगी नांदत्यात, माझ्यावाचून अडलेलं एक बी माणूस न्हाई, तवा कुटं मी जायाचं ठरीवलं. पत्र्याची पेटी भरली. तुला एकटीला सांगितलं.

मयूरी : म्हणूनच! म्हणूनच लिहिलं मी. मावशी, माझी आई घर सोडून गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांनी तिला दोन शब्द चांगले बोलून दाखवले असते, तर ती गेली नसती. मला नेहमी तेच वाटतं. तुमचंही घर मोडू नये, एवढंच होतं मनात.

शालूबाई : त्ये तुझ्या आईचं झालं. त्याची शिक्षा मला कशापायी?

मयूरी : शिक्षा नाही हो...

शालूबाई : काल मेळावा उठल्यावर मी काय म्हणले तुला? सिस्टरना फोन लाव म्हणले. तू नंबर लावलास. तुझ्या हातानं फोन माझ्या कानाला लावलास. आन् मी म्हणले, सिस्टर, मी येत न्हाई, माझ्या घरात मला माणूस गावला. शेजारी उभी हुतीस तू. ऐकत हुतीस. तवा तरी तोंड उघडायचं हुतंस गं पोरी!

मयूरी : तुम्ही इतक्या आनंदात होतात. धीर नाही झाला.

शालूबाई : पोटच्या पोरींना सांगितलं न्हाई, त्ये तुला सांगितलं. फसवलंस मला. गोड बोलून फसवलंस.

नाथाजी : शालू! अगं, कवाधरनं हुडकतोय. घरात न्हाईस, मळ्यात न्हाईस. भाकरीचं काय?

शालूबाई : या. बरं झालं आला. बसा हितं.

नाथाजी : काय झालं? ही का रडती?

शालूबाई : तिचं ऱ्हाऊ द्या. काल तुमी वाचलासा, त्यो कागुद कुणाचा?

नाथाजी : ...सांगितलं व्हय हिनं?

शालूबाई : न्हाई. माझं मला कळलं.

नाथाजी : हे बग, मी काय चोरी केली न्हाई. ही म्हणली, काका, ह्ये वाचा, मावशीला बरं वाटंल. वाचलं. तुला बरं वाटलं का न्हाई?

शालूबाई : वाटलं.

नाथाजी : मग झालं की. मला लिव्हता येत न्हाई असं न्हाई. सातवी शिकलोय. काय लिव्हायचं, त्येच म्हाईत न्हवतं.

शालूबाई : बत्तीस वर्सांत?

नाथाजी : आता कामाच्या माणसाला येवढं कुटं ध्यानात ऱ्हातंय.

शालूबाई : जीपमधी, मिरजेला जाताना, तुमी आरशात बघितलंसा का एकदा तरी? मागं?

नाथाजी : आरशात? डायवर गाडी दामटत हुता, मी त्याला खड्डं दावत हुतो. बाळ वाचावं म्हणूनच की गं.

शालूबाई : व्हय. तुमचं बी खरं हाय. बरं, मग एकच सांगा. काल तुमी दोनशे माणसांत पोराचं नाव वाचलंसा. मी त्याला दिलेलं नाव. काय हुतं त्ये?

नाथाजी : नाव व्हय. हुतं की. आपलं त्ये... पेत्रू.

मयूरी : काका...

शालूबाई : तू मधी बोलू नगंस.

नाथाजी : पेत्रू न्हाई. योसेफ? थांब, थांब. कालच तर वाचलंय. जिभेवर हाय बग. मयूरी, त्यो कागुद दे गं जरा.

शालूबाई : ऱ्हाऊ द्या. मयूरी, सिस्टरना फोन लाव.

मयूरी : मावशी, एकदा शांतपणे विचार...

शालूबाई : काल लगेच लावलास न्हवं? सिस्टर तवाच म्हणल्यात, मन बदललं तर सांग, उद्या दुपारी बारापतूर वाट बघते, मग रहिमतपूरच्या बाईला कळवते. किती वाजलं?

मयूरी : पावणेबारा.

शालूबाई : लाव मग.

नाथाजी : कोण सिस्टर? कसलं बारा? शालू, काय चाललंय?

मयूरी : रिंग जातेय. घ्या.

शालूबाई : हॅलो, सिस्टर, येशूची स्तुती असो. शालू बोलती, कवठ्यातनं. सिस्टर, काल मी जे बोलले, त्ये मी उसन्या आनंदात बोलले. आज माझं मी बोलती. जागा हाय का?... व्हय... व्हय. न्हाई, रडत न्हाई... उद्या सकाळच्या गाडीनं. पेटी भरलेलीच हाय.

नाथाजी : साताऱ्याला चाललीस? मला सोडून?

शालूबाई : आवं, मी हिकडं असताना तरी कुटं तुमच्या ध्यानात हुते? भाकरी करून ठेवते दोन दिसांच्या. म्होरं थोरली यील, तिला फोन करते.

नाथाजी : एका नावासाठी घर सोडतीस?

शालूबाई : नावासाठी न्हाई. काल ह्या डोळ्यांनी जे बघितलं, त्ये खरं नसताना मी परत त्याच घरात कशी बसू? आदी म्हाईत न्हवतं, तवा बसत हुते.

मयूरी : मावशी, मला माफ करा. मी पाया पडते.

शालूबाई : आज न्हाई गं मयूरी. कवातरी करीन, आमाला करावंच लागतंय. पर आज न्हाई. आन् त्यो निळ्या फायलीतला कागुद तुझा हाय, तुलाच ठेव.

नाथाजी : मी काय करू, त्ये तरी सांग.

शालूबाई : तुमी लिव्हलेल्या तीन ओळी कुटं हायेत?

नाथाजी : हायेत की. खिशातच हायेत. पर चुरगाळलाय त्यो कागुद, घामानं अक्षर बी फुटलंय.

शालूबाई : असू द्या. द्या हिकडं. त्यो माझा हाय.