बूट सुटला, कापड अडकलं

सन्माननीय अध्यक्ष तोह किम सेंग, व्यासपीठावरील मान्यवर, तैपिंगच्या पूजासाहित्य विक्रेता संघाचे सभासद, आणि जेवण कधी वाढतात याकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

आपल्या चिटणीस लिम सिऊ गाईक यांचा आज सत्कार आहे की निरोप, हे मला अजून कळलेलं नाही. अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही. तू बोल, माझं डोकं खाऊ नकोस." म्हणून उभा आहे.

विक्रीकर वाढला तेव्हा आपण सगळेच हवालदिल झालो होतो. मी पितरांसाठी कागदी घरं बांधणारा माणूस. सातव्या महिन्यात, पितरांच्या सणाला, लोक ती जाळतात आणि ती वर पितरांना पोचतात. पण भाव वाढल्यावर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "यंदा आजोबांना एक मजला पुरे." हसू नका हो! माझ्या पोटावर पाय आला होता.

करमाफीचा अर्ज गाईकताईंनी लिहिला. कचेरीतली मलय भाषा आपल्यात दुसऱ्या कोणाला येते? नमुने घेऊन आम्ही करकचेरीतल्या हिल्मी साहेबांपुढे गेलो. त्यांनी माझं घर फिरवून पाहिलं. "हे वापरणार कोण?"

"माझे वडील."

"मग त्यांना का नाही आणलंत?"

"साहेब, ते वारले. म्हणून तर घर!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खरं सांगतो, त्या खोलीत कोणालाच काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी एक कसोटी काढली: जिवंत माणसाला जे वापरताच येत नाही, ते माफ. मी कागदी बूट पुढे केला. त्यांनी त्यात पाय घातला आणि बूट टर्रकन फाटला. "मंजूर!" आपण टाळ्या पिटल्या. स्वतःचा माल फाटला म्हणून टाळ्या पिटणारे व्यापारी दुसरीकडे कुठे असतील का?

मग आलं गाईकताईंचं कापड. वेदीच्या टेबलापुढे लावायचं लाल कापड, त्यावरचे देव ताई स्वतः सुई-दोऱ्यानं भरतात. साहेबांनी ते खिडकीला धरलं. "पडदा होतो की!"

"देवांचा पडदा कोण करील, साहेब?"

"पण होतो ना?"

साहेबांनी कापड वगळून बाकी सगळ्याला माफी लिहिली आणि चिटणीस म्हणून ताईंची सही मागितली. मी ताईंना म्हटलं, "सही करू नका. माफी मिळाली तर सगळ्यांना मिळू दे." तर मलाच म्हणाल्या, "गप रे! सण तोंडावर आलाय. माझ्या एका कापडासाठी सगळ्यांचं अडवू?" आणि सही करून मोकळ्या झाल्या.

आपली दुकानं तरली. ताईंचं कापड मात्र महाग झालं, देवळं छापील घ्यायला लागली, आणि आता त्या दुकानाला कुलूप लावून लेकीकडे जोहोरला चालल्यात. मेलेल्याच्या बुटाला माफी आणि जिवंत बाईच्या सुईला कर! हे काय गौडबंगाल आहे, मला कोणी समजावून सांगेल का?

अध्यक्षांनी मला लिहून दिलंय, 'संघाचा ऐतिहासिक विजय' असं. मला ते वाचवत नाही. लाज वाटते. अध्यक्षमहाराज, खुणा करू नका, दिसतायत मला. मी म्हणतो, पुन्हा अर्ज करू, कापडासकट. ते नाही म्हणाले, तर आपलीही माफी परत करू. कोण तयार आहे? हात वर करा. अरे, अगरबत्तीवाल्या चोंग, दोन्ही हात कशाला? बरं, राहू देत.

पण अर्ज लिहायचा कोणी? इथं माझी मतीच गुंग होते. लिहिणारं माणूस एकच, आणि आपण त्यांनाच वाटेला लावायला जमलोय!

काय म्हणालात, ताई? जरा मोठ्यानं. "लेकीला काय सांगू?" सांगा, या गाढवांना उशिरा का होईना, अक्कल आली. रडू नका हो, मग मलाही बोलता येत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि ज्या कामासाठी मला उभं केलं होतं, तेच राहून गेलं. निरोप काही मला देता आला नाही. तेवढी माफी मात्र ताईंनी करावी.