घोरून दाखवलं तेव्हा

ऐक गो, डिचोलीला आमच्या घरी नवऱ्याचं प्रेशर चार गोळ्यांनीही उतरेना, आणि सासूबाईंनी तीन वर्षं माझ्या माशांच्या हुमणाला दोष दिला. “मिठाला हिचा हात सैल!”

शेवटी पणजीच्या डॉक्टरांनी विचारलं, “हे घोरतात?”

मी घोरूनच दाखवलं. झोपेत ह्यांचा मध्येच श्वास अडतो, तसा माझाही अडवला. इतका की नर्स धावत आली!

डॉक्टर म्हणाले, “चार गोळ्यांना न जुमानणारं प्रेशर आणि वर झोपेत अडणारा श्वास, मग हार्मोन तपासू.”

मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन जास्त येत होतं. औषध बदललं, प्रेशर उतरलं. त्या दिवशी हुमण वाढताना मी सासूबाईंना म्हटलं, “आई, दोष माझ्या हातात नव्हता, तुमच्या झिलाच्या ग्रंथीत होता!”