सोळा स्प्रिंगा

आपली स्कूटर दुरुस्त होईपर्यंत एका शाळेच्या बाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या होत्या. समोर मेकॅनिक, एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी. टेबलावर त्या दोघांच्या कारच्या इंजिनातले चार वाकलेले व्हॉल्व्ह.

“वेगासाठी व्हॉल्व्ह जास्त उघडणारा हा नवा कॅम टाकला कोणी?” मेकॅनिकनं विचारलं.

“मी आणि बाबांनी, घरीच.”

“काम सुरेख आहे. पण या कॅमला कडक स्प्रिंगा लागतात. जुन्या स्प्रिंगांनी व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आदळून तो वाकवतो.”

“स्प्रिंगा नव्याच आहेत. मी ऑफिसात असताना बाबांनी बसवल्या.”

“ताई, जुन्याच आहेत. नव्या सोळा डिकीत मिळाल्या. खोक्याचं सीलही तोडलेलं नाही.”

बाबांनी हात खिशात घातले.

“पकडीनं स्प्रिंग दाबायला जोर लागतो गं. त्या दिवशी एकही दबेना. दुपारभर बसलो होतो. आणि तू आल्या आल्या इतक्या हौसेनं विचारलंस, झालं का बाबा म्हणून.”

“म्हणून रेसच्या ट्रॅकवर सारखं हळू चालव, हळू चालव चाललं होतं तुमचं?”

“ऐकतेस कुठं तू.”

ती मेकॅनिककडे वळली. “दादा, नव्या बसवायच्या दिवशी आम्हाला बोलवा.”

“अहो, मी बसवतो की.”

“नको. बाबा सांगतील, मी दाबीन.”

“तुला नाही जमायचं. पकड वाकडी धरतेस.”

“मग सरळ कशी धरायची?”

बाबांचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले.

“हे बघ, अशी.”